मशीनच बिघडलंय?

शिलाई मशीन दुरुस्तीच्या दुकानात कात्रीला धार लावून घ्यायला आलेली शिक्षिका पुढच्या मायलेकींचं बोलणं ऐकत होती.

"आई, सांग ना त्यांना."

"काय सांगू? शिलाई वाकडी जाते. चाळीस वर्षं शिवतेय, आता हातच थरथरत असणार."

"आजी, या माझ्या मशीनवर चिंधी शिवून दाखवा," कारागीर म्हणाला.

"चारचौघांत हसं करता होय माझं?"

"शिवा तर!"

थोडा वेळ नुसती टकटक ऐकू आली.

"अगं आई, रेघ मारल्यासारखी सरळ आलीय!"

"हात ठणठणीत आहेत, आजी. तुमच्या मशीनचे कापड ओढणारे दाते झिजलेत."

"म्हणजे मशीनच बिघडलंय?"

"पार बिघडलंय. दाते मिळायला महिना लागेल."

"लागू दे हो! तोवर हातानं टाके घालीन."