समासातल्या गप्पा

धाकटी : नाही वहिनी, नेटवर्कला कशाला दोष देताय? माझ्या फोनवर स्पष्ट लिहून आलंय, 'मुख्य खातेदाराची वर्गणी जमा झालेली नाही.' मुख्य खातेदार तुम्ही.

थोरली : खातेदार म्हणे! मी शिवणकाम करणारी बाई. ती टाचण्यांची डबी जरा इकडे सरकव. सोमवारपर्यंत बावीस गणवेश द्यायचेत शाळेला.

धाकटी : ही घ्या डबी. आणि तुमचा फोन द्या. आज सहाच्या आत वर्गणी भरली नाही तर पुस्तकांचं खातं बंद होणार आणि आईंनी लिहिलेलं सगळं पुसलं जाणार. दोन वर्षांचं.

थोरली : मग भर की तुझ्या कार्डावरून. प्राध्यापकबाईंना काय जड आहे!

धाकटी : तसं चालत नाही. ज्याच्या कार्डावर खातं उघडलं, त्याच्याच कार्डावरून पैसे जातात. तुम्हीच तर घेऊन दिलं होतं ना आईंना, वाढदिवसाला? टॅबसकट?

थोरली : दिलं होतं. कान गेले, कानातलं यंत्र शिट्टी मारतं म्हणून काढून ठेवतात. म्हटलं, आता आमच्याशी बोलणं होत नाही, निदान वाचत बसतील. सबंध थंडीभर लोकांचे कोट उसवून दुरुस्त केले त्यासाठी. आणि कुटुंबाच्या खात्यात आणखी एक जागा मोकळी होती, तीही मीच दिली तुला. आपल्या हातानं.

धाकटी : माहीत आहे वहिनी. म्हणून तर कॉलेजातून अर्धी रजा टाकून आले. ही बघा, मदत केंद्राला रिंग जातेय. स्पीकर लावते.

थोरली : लाव. आईंना काही ऐकू जायचं नाही. आतल्या खोलीत बसल्यात खिडकीशी.

मदत केंद्र : नमस्कार, वाचक मदत केंद्रात आपलं स्वागत आहे. मी आपली काय मदत करू शकते?

धाकटी : आमची वर्गणी भरली जात नाहीये. तीनदा अडकली. खातेदार इथंच आहेत. वहिनी, बोला, 'मी खातेदार' म्हणा.

थोरली : मी खातेदार.

मदत केंद्र : धन्यवाद. मी आपलं खातं पाहते. कार्डाची मुदत संपलेली नाही. खात्यात पैसे पुरेसे आहेत. आमच्या बाजूनं काही अडचण दिसत नाही.

धाकटी : मग बँकेची अडचण असेल.

मदत केंद्र : नाही. बँकेनं दर वेळी खातेदाराच्या फोनवर मंजुरीचा संदेश पाठवला आहे. त्यात 'मंजूर' आणि 'नाकारा' असे दोन पर्याय असतात. खातेदारानं तिन्ही वेळा 'नाकारा' निवडलं आहे. पाच तारखेला, आठ तारखेला आणि बारा तारखेला.

धाकटी : वहिनी?

थोरली : बोट लागलं असेल चुकून.

धाकटी : तीनदा?

थोरली : हाताला खडू लागलेला असतो, टाचण्या असतात. तू कधी शिवलंयस का काही?

मदत केंद्र : आपली हरकत नसेल तर मी मंजुरीचा संदेश पुन्हा पाठवू शकते. तो दहा मिनिटं वैध राहील.

धाकटी : पाठवा, पाठवा. आणि मला एक सांगा, आमच्या सासूबाई पुस्तकात ओळीखाली खूण करून बाजूला समासात लिहितात. ते राहील ना?

मदत केंद्र : वर्गणी सुरू झाली तर राहील. त्यांच्या यंत्रावर आठ दिवसांपासून नऊ नोंदी पाठवायच्या थांबल्या आहेत, त्यासुद्धा सगळ्या सदस्यांना दिसू लागतील.

धाकटी : सगळ्या सदस्यांना? म्हणजे मला.

मदत केंद्र : तिन्ही सदस्यांना. कुटुंबाच्या खात्यातल्या नोंदी सर्वांना दिसतात. संदेश पाठवला आहे. मी लाइनवर आहे.

धाकटी : वहिनी, तुम्हाला दिसत होतं? आई मला लिहायच्या ते?

थोरली : दिसत होतं.

धाकटी : वाचायचात तुम्ही?

थोरली : डोळे आहेत मला. बाहीचा मुंडा शिवायला लागतात तेवढे तरी आहेतच.

धाकटी : मग वाचताय, हे सांगायचं नाही का कधी? आम्ही आपल्या दोघीच आहोत असं समजून लिहीत होतो.

थोरली : हो ना! दोघीच. तेच तर खुपलं. घर माझं, खातं माझं, कार्ड माझं. सकाळी उठल्यापासून त्यांच्या गोळ्या मी बघते, नखं मी कापते, पाठीला मलम मी चोळते. माझ्याशी बोलणं काय, तर हातानं खूण. दोन बोटं म्हणजे गोळी, तळहात म्हणजे पाणी. आणि तुला? तुला पानंच्या पानं. 'या बाईचं वागणं तुला पटलं का?' 'मी तिच्या जागी असते तर घर सोडलं असतं.' माझ्या घरात बसून घर सोडायच्या गोष्टी तुला सांगायच्या!

धाकटी : अहो, ते कादंबरीतल्या बाईबद्दल होतं.

थोरली : मला कळतं कशाबद्दल होतं ते! पोटात दुखायचं माझ्या, हे सरळ सांगते. शिवता शिवता फोन वाजला की दोरा अर्धवट सोडून बघायची, आज काय लिहिलं हिला. लिहिलेलं असलं की जळायची. नसलं की चैन पडायची नाही.

मदत केंद्र : आठ मिनिटं शिल्लक आहेत.

धाकटी : म्हणून नाकारलंत?

थोरली : म्हणून. पाच तारखेला संदेश आला तेव्हा आत बघितलं. खिडकीशी बसून स्वतःशीच हसत होत्या आणि टॅबवर टाइप करत होत्या. इतकं छान हसणं मी बावीस वर्षांत बघितलं नव्हतं. दाबलं 'नाकारा'. गार वाटलं, खरं सांगते.

धाकटी : आणि आठ तारखेला?

थोरली : तेव्हा तितकं गार नाही वाटलं. पण दाबलं.

धाकटी : तुम्हाला लिहायचं असतं तर तुम्हीही लिहू शकला असता. कोणी अडवलं होतं? जागा तर होतीच.

थोरली : अडवलं होतं. तुला नाही माहीत. तू आलीस घरात त्याच्या कितीतरी आधी. मी नवीन होते. एका दुपारी कपाटातलं जाडजूड पुस्तक घेऊन बसले होते. चाळीस पानं झाली होती. आई शाळेतून आल्या, तेव्हा मुख्याध्यापिका होत्या. माझ्या हातातून ते पुस्तक अलगद काढून घेतलं, रागानं नाही बरं का, अगदी मायेनं. म्हणाल्या, 'हे जड आहे गं, तू हे बघ,' आणि विणकामाच्या नमुन्यांचं मासिक दिलं.

धाकटी : अगं बाई.

थोरली : नमुने सुंदर होते. स्वेटर विणला मी त्यातला एक, त्यांच्यासाठीच. पण त्या दिवसापासून त्यांच्यासमोर पुस्तक धरलं नाही हातात. आणि तू आलीस ती पुस्तकांचे दोन खोके घेऊनच. पहिल्याच संध्याकाळी तुला म्हणाल्या, 'मला एखादं वाचायला देशील?' मी तिथंच उभी होते, पडद्यांना शिलाई मारत.

धाकटी : वहिनी, मी बाहेर पडते खात्यातून. शपथेवर. माझी जागा तुम्ही घ्या, तुम्हीच लिहा त्यांना.

थोरली : तुझी जागा मला नको. तू दिलेली तर नकोच नको.

मदत केंद्र : सहा मिनिटं.

धाकटी : मग काय हवंय तुम्हाला? आई आठ दिवस काय करतायत, ते तरी सांगा. माझ्याकडून उत्तर नाही, त्यांना काय वाटत असेल?

थोरली : लिहितात अजून. पुस्तक आधीच टॅबवर उतरवून घेतलेलं आहे, ते उघडतं, पण पलीकडे काही जात नाही. दर थोड्या वेळानं बघतात, उत्तर आलं का. बंद करतात, चालू करतात. परवा माझा हात धरून, कानाशी मूठ नेऊन खुणेनंच विचारलं, 'धाकटीचा फोन लागतो का?'

धाकटी : आणि तुम्ही काय सांगितलंत?

थोरली : खुणेनं सांगितलं, परीक्षा आहेत, कामात आहे.

धाकटी : वहिनी!

थोरली : मला वाटलं होतं, हे बंद पडलं की माझ्याकडे वळतील. नाही वळल्या. नुसत्या गप्प झाल्या. त्यांची खूणसुद्धा कमी झाली. काल पाणी हवं होतं, तर स्वतः उठल्या.

धाकटी : मग आता दाबा ना 'मंजूर'. कशाची वाट बघताय?

थोरली : दाबलं की पुन्हा तुझं आणि त्यांचं सुरू. पुन्हा मी बाहेर उभी.

धाकटी : तुम्ही बाहेर कुठं होतात? सगळं तर वाचत होतात.

थोरली : दुसऱ्याला आलेलं पत्र वाचणं म्हणजे आत असणं नाही. तू एकशे चौदा पान आठव.

धाकटी : एकशे चौदा? नाही आठवत.

थोरली : नाहीच आठवायचं तुला, तुझ्याकडे ढिगानं आहेत. तिथं त्यांनी लिहिलंय, नोकरीच्या पहिल्या दिवशी वर्गाला इतक्या घाबरल्या, की नकाशे ठेवायच्या खोलीत जाऊन बसल्या. पहिला तास तिथंच काढला. शिपायानं शोधून काढलं. बावीस वर्षं मी त्या बाईला घाबरले गं. आणि ती स्वतः नकाशांमागे लपलेली होती, हे मला तुझ्यासाठी लिहिलेल्या चार ओळींतून कळतंय. ते वाचून रात्रभर तळमळले मी, कळेना की हसू का रडू.

मदत केंद्र : मॅडम, चार मिनिटं. आणि, हे माझ्या कामात बसत नाही, पण मलाही एक जाऊ आहे. चालू द्या आपलं.

धाकटी : हे बघा वहिनी, आता मी विनवण्या करणार नाही. नका दाबू. सहा वाजता पुसून जाऊ दे सगळं. माझं काय, रविवारी येईन, पाटीवर लिहून बोलेन त्यांच्याशी. पण एकशे चौदा पान जाईल. मला तर ते आठवतसुद्धा नव्हतं. म्हणजे जाणार ते तुमचंच जाणार. तुमच्याजवळ काय राहील? दोन बोटं आणि तळहात?

थोरली : फार बोलतेस तू.

धाकटी : बोलते.

थोरली : प्राध्यापक आहेस, चालायचंच. तो चष्मा दे. हं. हिरवं ते मंजूर ना?

धाकटी : हिरवं.

थोरली : सवय लालची लागलीय बोटाला. घे, दाबलं.

मदत केंद्र : अभिनंदन, आपली वर्गणी जमा झाली आहे. सगळ्या नोंदी सुरक्षित आहेत. आजचा आपला अनुभव एक ते पाच या अंकांत कसा सांगाल?

थोरली : अनुभव? इज्जतीचा पंचनामा झाला माझ्या, आणि अंक कसले मागता?

धाकटी : पाच लिहा हो. धन्यवाद. ठेवते. वहिनी, आल्या बघा नोंदी. नऊच्या नऊ.

थोरली : वाच.

धाकटी : तुमच्याही फोनवर आल्या असतील.

थोरली : तू वाच. तुझ्या आहेत.

धाकटी : 'डॉक्टर खोटं बोलतोय, माझा पहिल्यापासून संशय होता.' 'हे पान पुन्हा वाच, घाईत वाचलं असशील.' मग पुस्तकातलंच सगळं. सातवी, 'तिथपर्यंत आलीस का?' आठवी, 'आलीस का?'

थोरली : नववी?

धाकटी : नको ना.

थोरली : वाच म्हणते ना.

धाकटी : 'रागावलीस का माझ्यावर?'

थोरली : मला कधी नाही विचारलं हे. मी महिना महिना फुगून बसलेय या घरात, एकदा नाही विचारलं. थांब, तू उत्तर देऊ नकोस. कसं लिहायचं ते दाखव मला.

धाकटी : तुम्ही लिहिणार?

थोरली : मी बंद पाडलं, तर मीच सांगायला नको? ओळीवर बोट ठेवायचं, मग?

धाकटी : दाबून धरा. हां. आता चौकट आली ना, त्यात लिहा.

थोरली : 'ती रागावलेली नाही. पैसे मी अडवले होते. मला तुमच्या गप्पांचा हेवा वाटला. थोरली.' ठीक आहे?

धाकटी : वहिनी, एवढं सगळं? 'काही अडचण होती' म्हटलं तरी चालेल.

थोरली : नाही. एवढ्या मोठ्या बाई नकाशांमागे लपल्याचं लिहितात, मी काय लपवू? सरक. मी पाठवते.

धाकटी : गेलं.

थोरली : आता काय होतं?

धाकटी : आता त्यांच्या टॅबवर दिसेल. वाचतील.

थोरली : निकालाची वाट बघत बसलेय, वयाच्या पन्नाशीला.

सासूबाई (आतल्या खोलीतून, कान गेलेल्या माणसाच्या मोठ्या आवाजात) : थोरले! अगं, कुठल्या पानावर आहेस तू?

धाकटी : वहिनी, तुम्हाला हाक मारली. तोंडानं.

थोरली : ऐकलं मी. त्यांना ऐकू जायचं नाही, चौकटीतच लिहिते. 'आई! संपवलं मी! कधीच संपवलं! धाकटी अजून बाराव्या प्रकरणातच आहे!' पाठवलं.

सासूबाई : शेवट सांगू नकोस हं मला! नुसती ये आणि बस इथं.

थोरली : आले, आले. धाकटे, चहा आज तू टाक.