पाणी घेऊन येणारा नवनीत

बऱ्याच वर्षांच्या अबोल्यानंतर धाकट्या भावाने सुरतेहून पत्राने विचारलं होतं, ‘दादा, दिवाळीला येऊ का?’ विश्रामगुरुजींनी उत्तराचे चार मसुदे केले आणि चारही फाडले. दिवाळी तशीच येऊन गेली. आज ते नंदुरबारच्या पोस्टात आधारच्या रांगेत बसले होते. शेजारी एक म्हातारं जोडपं मोबाइलवर क्रिकेटचा सामना पाहत होतं; आफ्रिकेत मलावीला स्थायिक झालेला त्यांचा मुलगा त्या देशाच्या संघात होता.

“आपला नवनीत कोठे शे?” म्हातारीने विचारलं.

“बाहेर बसेल शे. मलावीना संघमा हाऊ बारावा.”

“रवांडापावत दौराले लई गयात, नि खेळू देतस नही?”

“पानी देवाले ठेयेल शे. विकेट पडनी का दिखी.”

“मंग पाडा ना एक विकेट!”

“मी पाडू?”

“देखा, उना! बाटल्या लई उना. कितला सुकाई गया पोऱ्या. फोन लावा त्याले.”

“सामना चालू शे तवलोंग त्यासना फोन जमा ऱ्हास.”

“मंग बोलीसन धाडी द्या. सांजले ऐकी.”

“चार महिना तो बोलना नही. मी काबर बोलू?”

“बाप नुसता रनच इचारस, म्हनीसन बोलत नही तो.”

“मंग काय इचारू?”

“जेवना का, इतलंच.”

म्हाताऱ्याने मोबाइल तोंडाशी धरला आणि माइकच्या खुणेवर बोट दाबून ठेवलं.

“नवनीत… तुन्हा बाप बोली ऱ्हायना. जेवना का?”

“आते बोट उचला. जास ते.”

गुरुजी रांगेतून उठले. खिडकीवरून त्यांनी आंतर्देशीय पत्र घेतलं, ‘कधीही ये’ एवढंच लिहिलं, आणि पुन्हा न वाचता पेटीत टाकलं.