गुरुवारची दाढी

सखू : दाढी गुरुवारीच कशी आठवते हो तुमाला? सख्ख्या मेव्हणीच्या लग्नाला तसेच आलात!

दत्ताराम : सखू, ती प्रांजलीताई अलिबागवरनं दर गुरुवारी आरोग्य उपकेंद्रात दारूचा सर्व्हे करायला येते. विचारते, लिहून घेते, जाते.

सखू : तासभर? माझ्याशी बारा वर्सांत बसलात कधी तासभर बोलत?

दत्ताराम : आरसा नीट धर. कापंल.

सखू : कापू दे! गेल्या गुरुवारी मी उपकेंद्राच्या खिडकीखाली उभी होते.

दत्ताराम : काय ऐकलंस?

सखू : सगळं. "ताई, सोमवारी दोन क्वार्टर झाल्या." कसं लाडात सांगत होतात! आन् त्या सोमवारी उशिरा आलात, तर मला काय सांगितलंत? म्हसळ्याला खताची लाईन होती!

दत्ताराम : चुकलं माझं.

सखू : प्यायलात त्याचं एवढं न्हाय लागलं. तिला खरं सांगितलंत, ते लागलं. आठ दिवस जळतेय मी. बायको कोण, मी का ती?

दत्ताराम : ताई दारू सोडलीत का म्हणून विचारीत न्हाय. किती घेतली, आधी जेवला होतात का, नंतर गाडी चालवलीत का, एवढंच. रोजची होती, आता आठवड्याला दोनदावर आलीय. तिला सांगायला भ्या वाटत न्हाय.

सखू : आन् माझं वाटतं?

दत्ताराम : तू आपल्या राहीच्या डोक्यावर हात ठेवायला लावलास. पिणार न्हाय म्हणून शपथ घेतली, आन् तिसऱ्या दिवशी प्यायलो. त्याच आठवड्यात पोरीला ताप भरला. तू अंगारा लावीत बसलीस. मला वाटलं, माझ्यामुळंच. कुठल्या तोंडानं सांगू?

सखू : अगो बाई! हे बी तिला सांगितलंत?

दत्ताराम : व्हय.

सखू : माझ्या लेकीचं बी आधी तिलाच!

दत्ताराम : शपथ तू घातलीस. तूच सुटली म्हण.

सखू : म्हंजे प्यायला मोकळे?

दत्ताराम : सांगायला मोकळा.

(सखू आरसा खाली ठेवते.)

सखू : सुटली. म्हटलं ना, सुटली! आता सांगा. त्या सोमवारी पिण्याआधी जेवला होतात?

दत्ताराम : न्हाय.

सखू : मग ती काय म्हणाली?

दत्ताराम : लिहून घेतलं तिनं.

सखू : लिहून घेतलं! ऱ्हाऊ दे ती दाढी अर्धी. साबण पुसा आन् बसा. भात वाढते.