लाइनवर नसलेलं पाणी

...आणि वर सगळे मलाच विचारतात, "तू घरात असताना हे झालंच कसं?" आता तुम्हीच सांगा, आपला बाप पाणी पितोय की नाही, यावर कुणी पहारा ठेवतं का?

झालं काय, बाबांची कंबर धरली म्हणून सोनोग्राफी केली. कंबर ठणठणीत, पण उजव्या किडनीवर सिस्ट! डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "साधी आहे हो, साधी! पाणी भरलेली छोटी पिशवी. ती त्रास देत नाहीये, आपणही तिला द्यायचा नाही. काही करू नका." संपलं ना? छे! घरी आईनं विचारलं, "काय निघालं?" आणि बाबा म्हणाले, "गाठ."

बस्स! आजोबा गाठीनंच गेलेले. आईनं कुकर बंद केला, खालीच बसली. मी ओरडतोय, "साधी आहे हो, साधी!" ऐकतंय कोण?

त्यात बाबा प्लंबर. आणि तुम्हाला सांगतो, प्लंबरला 'पाणी भरलंय' असं कधीही सांगू नये! नको तिथं पाणी साचलं तर तो काय करतो? मेन कॉक बंद! केला की. स्वतःचा! आई म्हणतेय, "अहो, दोन घोट तरी..." तर "आटू दे आधी ती!" भर उन्हात गच्चीवर टाक्या बसवतायत, ओठ सुकलेले... एकदा पान्यांची पेटी माझ्यापुढे सरकवली. म्हणाले, "छोटा पाना जपून वापर. आजोबांचा आहे." मी येताजाता टिंगल करणारा माणूस, पण तेव्हा... तो पाना नुसता पुसत बसलो हो.

शेवटी कुणाच्या तरी सिंकखाली चक्कर येऊन पडले. सलाईन लागलं. डॉक्टरीणबाई भडकल्या, "चांगली किडनी सुकवायला निघालात?" मग बाबांचा चेहरा बघून स्टूल ओढून बसल्या. "काका, ती पिशवी लाइनवर नाहीच. चहूकडून बंद. तुम्ही प्यायलेलं पाणी तिच्यात जात नाही. तुम्ही कॉक बंद केलात तो अख्ख्या घराचा!"

"लाइनवर नाही?"

"नाही. दुखलं, ताप आला, लघवीत रक्त दिसलं तर लगेच या. फार मोठी होऊन त्रास द्यायला लागली तर बघू, सुईनं पाणी काढता येतं. नाहीतर असू द्या. वय झालं की पुष्कळांना असते."

बाबांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. खांदे हलत होते. आईनं ग्लास धरला, गटागटा प्यायले. मग जरा नाराजीनंच विचारलं, "पुष्कळांना?"

तिथंच चुकलं! आता नळ दुरुस्त करता करता सांगतात, "ताई, तुम्हालाही असेल हं. साधी आहे हो, साधी!" अर्धी बिल्डिंग सोनोग्राफीला! काल वरच्या काकू रिपोर्ट घेऊन दारात, डोळ्यांत पाणी. "सगळं नॉर्मल लिहिलंय रे... खरं सांग, काय लपवतायत माझ्यापासून?"

मी म्हटलं, "बसा काकू... बाबा येऊन बघतील."