दुखवट्यातला तारा

नाही म्हणजे नाही, वन्सं. उतरवणार नाही. आलाच आहात तर तेवढी खुर्ची धरा, एक पाय आखूड आहे तिचा, तुमच्या भावानं गेली दोन वर्षं आज करतो, उद्या करतो म्हणत तशीच ठेवली. जगाचे नळ दुरुस्त करत फिरला आणि घरातली खुर्ची लंगडीच. धरलीत? घट्ट धरा. मी पडले तर दोन दुखवटे पाळावे लागतील तुम्हाला — हसू नका, बरं हसा, हसलात तर काही बिघडत नाही, तीन आठवडे झाले या घरात कुणी हसलं नाही.

तर काय म्हणत होतात? लोक बोलतात. कोण लोक? कोपऱ्यावरची शिवणवाली? तिला नाही तरी सुईच्या भोकातून सगळ्यांची घरं दिसतात. नवरा जाऊन महिना झाला नाही आणि हिनं खिडकीत नाताळचा तारा टांगला, दाराला हिरव्या फांद्यांचं गोल कडं अडकवलं, असंच म्हणाली ना? मला माहीत आहे काय म्हणाली ते. जिन्यात भेटली तेव्हा माझ्याकडे असं बघितलं की जणू मी लाल साडी नेसून नाचत होते. आणि तुम्ही ते ऐकून घेऊन तीन मजले चढून आलात, गुडघे दुखत असताना. माझ्यासाठी आलात, ठाऊक आहे मला. भावाची अब्रू म्हणून आलात. पण वन्सं, मला एक सांगा, तारा म्हणजे काय लग्नाची रोषणाई आहे? कुणाच्या घरावर उगवला होता तो पहिला? आनंदीआनंद चालला होता तिथं? दिवस भरलेली पोर, परकं गाव, दारोदार फिरले, कुणी आत घेतलं नाही — शेवटी गुरांच्या वासात, शेणामुतात जागा मिळाली. तिथं आला तारा. ज्यांचं सगळं छान चाललंय त्यांच्या छपरावर नाही आला. मग माझ्या खिडकीत नाही तर कुणाच्या खिडकीत टांगायचा? त्या खालच्या मोठ्या दुकानाच्या? त्यांनी लावलाय की — बर्फाचा फुगीर माणूस, ढेरपोट्या म्हातारा आणि मोठ्ठी पाटी, हिवाळी आनंद, सगळ्यावर सूट. आनंदावरही सूट! मी आत जाऊन विचारलं, गोठ्यातल्या मूर्ती आहेत का हो, तर ती पोरगी म्हणते, काकू, तसलं आता कुणी घेत नाही, हरणं घ्या. हरणं! अगं बाई, ज्याचा वाढदिवस त्याला वगळून हरणं घेऊ?

ताऱ्याची दोरी सैल झालीय, तो खिळा द्या. वरचा नको, वाकडा नको, तो. हां.

आणि दाराच्या कड्याचं म्हणाल तर — हिरव्या फांद्या का लावतात ते तुम्हीच शिकवलंत मला, लग्न करून आले तेव्हा. आठवतं? मला वाटायचं शोभा म्हणून. तुम्ही म्हणालात, वहिनी, बाहेर बघ, एकाही झाडावर पान नाही, सगळं मेल्यासारखं दिसतंय, आणि ही एकच फांदी हिरवी — म्हणून ती दाराला. आणि गोल का, तर त्याला शेवट नाही. आणि मध्ये ती काटेरी पानं, पुढे त्या बाळाच्या डोक्यावर काट्यांचा मुकुट चढणार होता त्याची खूण, आणि लाल फळं कशाची ते सांगायला नको. तुमचंच बोलणं आहे हे. मग ज्या वर्षी खरंच कुणी मेलंय त्याच वर्षी ते काढून माळ्यावर टाकायचं? सगळे जिवंत असताना त्यानं मरणावर मात केली म्हणून गायचं आणि घरात मरण आलं की दिवे मालवायचे — हा कुठला विश्वास, वन्सं? हा तर विश्वास नव्हे, सजावट झाली. मग त्या दुकानात आणि माझ्यात फरक काय राहिला? नाही, मी आवाज चढवत नाहीये. चढला असेल. चढू दे.

झालं. सोडा खुर्ची. बसा — तिथं नको, पलंगावर या आत, आतल्या खुर्चीवर कपड्यांचा ढीग आहे. हो, यांचेच कपडे. हो, सगळं कपाट बाहेर काढलंय. आणि हा गोठा इथं पलंगावर — काय बघताय? दरवर्षी बाहेरच्या खोलीत असतो, यंदा इथं. यांच्या बाजूला. उशी काढली आणि त्या जागी मांडला. कुणाला दाखवायचा नाहीये मला. सकाळी कूस बदलली की ती बाजू रिकामी दिसते ना, ते बघवत नाही, म्हणून. मेंढरं तरी दिसतात. बरं, झालं सांगून, आता त्यावर काही बोलू नका.

गव्हाण रिकामी आहे हो, मला दिसतंय. ती तशीही नाताळच्या रात्रीपर्यंत रिकामीच असते, आपल्याकडे बाळ आधी कधी ठेवलंय? नाही, बाळाची मूर्ती पेटीत नाहीये. कुठे आहे मला काय ठाऊक? तुमचा भाऊ लपवायचा ना! तुम्हाला माहीत नाही? मुली लहान होत्या तेव्हापासून. धाकटीला दम निघायचा नाही, आठवडाभर आधीच बाळाला उचलून स्वतःच्या उशाशी निजवायची, म्हणून हे लपवायला लागले. मुली मोठ्या झाल्या, परदेशी गेल्या, तरी यांचं लपवणं सुरूच. मग शोधायचं कुणी? मी. पिठाच्या डब्यात, बुटात, एकदा तर त्या नळाच्या मोठ्या पान्याच्या पिशवीत. मी घरभर फिरायची आणि हे खुर्चीत बसून — मी लांब गेले की गार… गार… जवळ आले की कोमट… अगदी मोरीतल्या नळाला सांगावं तसं. चाळिशी उलटलेली बाई ओट्याखाली डोकं घालून बसलीय आणि नवरा म्हणतोय कोमट! मी चिडायची. खरंच चिडायची. यंदाही पेटी खाली काढली त्या शनिवारी, माझ्यादेखत बाळ काढून घेतलं, तासाभरानं येऊन म्हणाले, लपवलं बरं का. मी म्हटलं, यंदा मी नाही शोधणार, वय झालं आता. मंगळवारी छातीत कळ आली.

म्हणून हे कपाट, वन्सं. आता कळलं? लोकांना वाटतं म्हातारी घर सजवतेय. मी कसली सजवतेय, घर पालथं घालतेय. झिरमिळ्या, माळा, तारा काढायच्या निमित्तानं पोटमाळा उपसला. पिठाचे डबे चाळले. बूट झाले, पान्यांची पिशवी तीनदा झाली. गाद्यांची शिवण उसवली. मला ते बाळ त्या रात्री ठेवायचंय, बाकी काही नको. हे एक काम यांनी अर्धं टाकलंय, ते मी पुरं करणार. आणि मला — आता हसाल तुम्ही — मला कुणी तरी कोमट म्हणावं असं वाटतं. रिकाम्या घरात शोधायचं कसं?

कपडे सगळे झाडून बघितले हो. प्रत्येक खिसा. काळा कोट? काळा कोट इथं कुठं असणार, तो तर — तो तुम्हीच घातलात ना त्यांना. माझ्यानं होत नव्हतं, तुम्ही आणि तुमच्या सुनेनं तयार केलंत. चर्चला जायचा चांगला कोट, बरोबर केलंत, मी कुठे काही म्हटलं?

काय?

उजव्या खिशात? काय लागलं हाताला? रुमालात गुंडाळलेलं. चष्मा वाटला. म्हणून तसंच राहू दिलंत, भावाला चष्मा असू दे म्हणून. वन्सं… चष्मा तो काय, टीव्हीवर आहे. उचललाच नाही मी.

थांबा. थांबा जरा. रविवारी तोच कोट घालून आले होते चर्चला. माझ्याशेजारी उभे राहून गात होते, बेसूर. परत येताना गारठा होता म्हणून मी त्यांच्या उजव्या दंडाला धरून चालत होते, आणि हे म्हणाले, भाजेल हं तुला. मी म्हटलं, एवढ्या थंडीत काय भाजतंय, खुळे की काय. अख्खा रस्ता मी त्या बाळाला धरून चालले, वन्सं.

नाही, तुमची चूक नाही. रडू नका, तुमची अजिबात चूक नाही. फादरना काय विचारायचं? कबर उघडता का म्हणून? काहीतरीच. आणि दुकानातून नवं आणायचं नाही. ऐकलंत? कुणी आणून दिलं तरी घेणार नाही. देव खाली आला तो काय आपल्या दिवाणखान्यातल्या गवतावर निजायला? जिथं कुणीच सोबतीला येऊ शकत नाही तिथं यायला आला. मला नाही जाता येत तिथं. तुम्हाला नाही येत. तो गेला. तुमच्या भावाला आयुष्यात पहिल्यांदा काही नीट लपवता आलं.

येऊ दे लोकांना. त्या रात्री दार सताड उघडं ठेवणार आहे मी. शिवणवालीलाही बोलवा. विचारू दे, गव्हाण रिकामी का म्हणून, तोंडावर सांगेन.

आता जा तुम्ही. जिना सांभाळून उतरा. मला जरा बसू द्या यांच्याजवळ. नाही, दिवा नका मालवू जाताना. राहू दे म्हटलं ना.