ज्याचा रिपोर्ट वाईट, त्याचा रिमोट

...आणि वर डॉक्टर म्हणतात कसे, "हसा बाई, हसल्यानं पेशी वाढतात!" अहो, पेशी वाढल्या म्हणून तर इथं आलेय ना मी!

नाही, तुम्हीच सांगा, कॅन्सर झालेल्या माणसावर विनोदी मालिका काढतात, आणि ती लावायची कुठं, तर केमोच्या खोलीत! दर मंगळवारी सकाळी अकराला. चार खुर्च्या, चार सलाईनचे स्टँड, चार माणसं, समोर भिंतीवर टीव्ही, आणि त्यात तो टकलू हीरो... पंख्याच्या वाऱ्यानं त्याचा विग उडतो, थेट सासऱ्याच्या सूपच्या वाटीत पडतो, आणि सासरा चमच्यानं ढवळतो! यात हसण्यासारखं काय आहे, मला सांगा!

मी शाळेचे गणवेश शिवते. साधं माणूस. आयुष्यात कुणाला टोचून बोलले नाही, टाचणीसुद्धा जपून लावते. मी आपलं हळूच म्हटलं, चॅनल बदला ना. तर रिमोट कुणाकडे? ड्रायव्हरकाकांकडे. तीस वर्षं बस चालवली, आता टीव्ही चालवतात. आणि खोलीचा नियम, डॉक्टरांचा नाही हां, पेशंटांनीच केलेला, की ज्याचा रिपोर्ट सगळ्यात वाईट, रिमोट त्याच्या हातात! तुम्हाला खोटं वाटेल... काका मला विचारतात, "तुमचा काय म्हणतो रिपोर्ट?" म्हटलं, "चांगलाय हो, गाठ निम्मी झाली." तर विनातिकीट चढल्यासारखं बघितलं माझ्याकडे. "मग बसा मागं!"

शेजारच्या खुर्चीत बँकेतल्या मॅडम, त्या एकदा भांडल्या. "काका, माझी गाठ तुमच्यापेक्षा मोठी आहे. साडेसहा सेंटिमीटर!" काका म्हणाले, "असेल. पण एकुलती एक आहे. माझ्या पाच आहेत." चौथ्या खुर्चीत न्हावी, तो खो खो हसतोय. स्वतःच्या डोक्यावर एक केस नाही, म्हणतो, "या खोलीत दुकान टाकलं असतं तर उपाशी मेलो असतो, त्यापेक्षा हे बरं." यात हसण्यासारखं काय आहे, मला सांगा!

मी तर चॅनलला पत्रच लिहिलं. चांगल्या अक्षरात, समास सोडून. 'आमच्या दुःखाची थट्टा थांबवावी, ही नम्र विनंती.' सह्या मागितल्या. काका म्हणाले, "करतो की! शेवटचा भाग होऊ द्या." मग माझा चेहरा बघून, "माझा नाही हो, मालिकेचा!"

त्या मंगळवारी काय दाखवलं, तर हीरोचा भाऊ हीरोच्या अंगावरच्या कोटाची मापं घेतोय, नंतर आपल्याला बसेल का म्हणून! आणि तीही चुकीची! खांद्याचं माप असं घेतात? शिवण सोडून टेप धरली होती मेल्यानं!

घरी आले, तर जाऊबाई हजर. "अय्या, किती बारीक झालीस गं! मला पण सांग ना, कसं केलंस!" केमो केली, बाई, तूही कर... बोलले नाही, मनात म्हटलं. मग सावकाश माझ्या शिलाई मशीनकडे वळल्या, खण उघडून बॉबिन मोजल्या. "तुला आता झेपत नसेल, नाही का? पडून गंजण्यापेक्षा आमच्याकडे नेते." आणि मला तो कोट आठवला हो! पदर तोंडात कोंबला, तरी खांदे हलायचे थांबेनात. जाऊबाईंना वाटलं, रडतेय. "रडू नकोस गं," म्हणाल्या, "मोटर पण आहे ना त्याची?"

आणि मग परवा नवा रिपोर्ट आला. डॉक्टरांनी पेननं पडद्यावर दाखवलं, "यकृतावर हे दोन ठिपके दिसतायत." ठिपके म्हणे! जशी मी फ्रॉकचं कापड निवडतेय. बाहेर आलो तर आमचे हे दारातच म्हणतात, "अगं, त्या कपाटाची किल्ली कुठं ठेवतेस, एकदा दाखवून ठेव." म्हणाले, आणि स्वतःच असे पांढरे पडले की मीच त्यांना बाकावर बसवून पाणी पाजलं.

मंगळवारी मी कुणाला काही बोलले नाही. पण सिस्टरनं फाईल उघडली, चेहरा पाडला, झालं! काका उठले. स्टँड कुरकुर ओढत आले आणि रिमोट माझ्या मांडीवर ठेवला. "अभिनंदन, बाई. माझ्या पाचाच्या तीन झाल्या, मी उतरलो." मॅडमचं तोंड एवढं! "दोन ठिपक्यांत लगेच रिमोट?" काका म्हणाले, "नवे आहेत, मॅडम. नव्यांना मान." न्हाव्यानं एका हातानं मांडीवर टाळी वाजवली.

म्हटलं, आता माझं राज्य! बदलला चॅनल. तिथं एक बाई म्हणते, "चवीनुसार मीठ घाला." इथं मला पाणी लोखंडासारखं लागतंय. बदलला. विम्याची जाहिरात... "उद्याची काळजी आमच्यावर सोडा!" बदलला. फिरून फिरून तोच टकलू. म्हटलं, दोन मिनिटं बघू. तर डॉक्टरच्या दारात त्याची बायको त्याला विचारते, "लॉकरची किल्ली कुठं ठेवलीत?"

आणि मी ओरडले, "कपाटामागच्या खिळ्याला!"

अख्खी खोली माझ्याकडे बघायला लागली, आणि मला असं हसू फुटलं, असं फुटलं, की थांबेचना! डाव्या हाताची सुईच निघाली! सिस्टर धावत आली. "या वयात शोभतं का, मावशी?" तिनं नवी शीर शोधली आणि खुपसली सुई उजव्या हातात. रिमोटच्या. "तीन तास दोन्ही हातांचं बोटसुद्धा हलवायचं नाही!"

पत्र पर्समध्येच आहे. पाठवणार आहे मी. शेवटचा भाग होऊ द्या.

पण बघा ना, एवढा वाईट रिपोर्ट आणला, खोलीत पहिला नंबर काढला... आणि बटणं दाबतात काकाच! यात हसण्यासारखं काय आहे, मला सांगा!

म्हटलं, "काका, निदान आवाज तरी वाढवा."