बाबांच्या गोष्टीतला 'हं'

हसू नका लेकहो, हसण्यासारखं नाई हे. बाबाच्या जुन्या गोष्टी मोबाईलमध्ये भरून ठेवाव्या, असं मी डोक्यात घेतलं. आमच्या जठारपेठेतल्या घरी त्याइले खुर्चीत बसवलं अन् बटन दाबलं.

"बंडीत कापूस भरून आमी अकोल्याले निंघालो..." एवढं बोलून बाबा थांबले. "काहून रे, हुंकार काहून नाई देत?"

आता आपल्याकडे गोष्ट ऐकणाऱ्यानं मधात मधात 'हं' म्हणाच लागते. पण मले रेकॉर्डिंग साफ पाहिजे होतं.

"माया आवाज येते ना त्याच्यात. तुमी बोला नुसते."

"भिंतीले सांगू का?"

मी चिडलो. "मोबाईलले सांगा," म्हटलं, आधीचं पुसून नव्यानं बटन दाबलं अन् चौकात चहा प्यायले निंघून गेलो. वापस आलो तं बाबा म्हणे, "झालं सांगून."

परवा अमरावतीले बहिणीकडे बाबाले घेऊन गेलो. सगळ्याइसमोर मोठ्या तोऱ्यात ते लावलं. मी स्वतः ऐकलंच नव्हतं.

"बंडी नाल्यात फसली."

"हं."

"तुयी माय खाली उतरली."

"हं."

"तिनं चाकाले खांदा लावला."

"हं, मंग?"

मी तं तवा चौकात होतो. तो 'हं' बाबाचाच होता. आमचा बापलेकाचा आवाज सारखाच, म्हणून बाकी कोणाले समजलं नाई.

बहीण डोळे पुसत म्हणे, "दादा, किती मन लावून ऐकलं रे तू!"

मी तोंड उघडाच्या आत बाबा बोलले, "हो तं. जाग्यावरून हललाच नाई."